ताईचा कीबोर्ड जवळजवळ तयार

४ फेब्रुवारी, सकाळी ७
काल ताईकडे गेलो होतो. हॉस्पिटलमधून घरी आल्यापासून पहिल्यांदाच. बोलणं ठीक आहे, चालणं ठीक आहे, उजव्या हाताची बोटं मात्र ऐकत नाहीत. अर्धांगाचा झटका सौम्य होता म्हणे. फिजिओथेरपिस्ट बाई तिथेच होत्या. म्हणाल्या, कीबोर्ड वाजवता येत असेल तर रोज वीस मिनिटं वाजवा, हे पहिले तीन महिनेच काय ते महत्त्वाचे. ताई लगेच म्हणाली, माझा कीबोर्ड आहे ना, भावाकडे.
सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.
एकोणीस वर्षांपूर्वी नेला होता. एक पट्टी अडकत होती. दोन दिवसांत दुरुस्त करून देतो म्हणालो होतो. पण उघडल्यावर वाटलं, नुसती दुरुस्ती कसली करायची? याचा सिंथेसायझरच करू. हवा तो आवाज काढणारा, घरी बनवलेला. त्यानंतर ते काम जरा लांबलं.
भावोजी म्हणाले, मी उद्या नवीन घेऊन येतो. मी ठाम नको म्हटलं. जवळजवळ तयार आहे, दहा दिवसांत आणतो. ताईचा चेहरा खुलला.
निश्चय: रोज संध्याकाळी दोन तास. फोन बंद.

५ फेब्रुवारी
माळ्यावरून सगळे प्रोजेक्ट खाली काढले. एकूण पाच सिंथेसायझर निघाले. मला तीनच आठवत होते. म्हणजे प्रगती वाटली होती त्यापेक्षा जास्त आहे.
पहिल्यात ताईच्या पट्ट्या आहेत, आवाज नाही. दुसऱ्यात आवाज आहे, पण तो बंद होत नाही. तिसरा म्हणजे सागवानी पेटी, आत काही नाही. चौथ्याला अठ्ठेचाळीस नॉब आहेत, मागे एकही वायर नाही. पाचवा कशासाठी केला होता ते कळेना.
पाचांचा मिळून एक करायचा. सोपं आहे.
बायको दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, यातलं ताईंचं नक्की कुठलं? मी म्हटलं, संकल्पना तिचीच आहे.

९ फेब्रुवारी
चार दिवस नॉबखाली लेबलं चिकटवण्यात गेले. अतिशय सुबक झाली आहेत. वायर जोडायच्या राहिल्या, पण लेबल नसलेल्या नॉबला वायर जोडणं हा अडाणीपणा आहे.
नॉब क्रमांक एकतीस काय करणार ते ठरलेलं नाही. त्याखाली ‘खोली’ असं लिहिलं.

१३ फेब्रुवारी
ताईचा फोन. म्हणाली, आज दहा दिवस होतात ना रे? मी म्हटलं, पॉलिश वाळतंय. हे खोटं नाही. पॉलिश आणायचं मनात आहे, आणि आणलं की ते वाळणारच.
ती म्हणाली, घाई करू नकोस, तोवर मी टेबलावर बोटं आपटते.
हे ती हसत म्हणाली. मी पण हसलो. फोन ठेवल्यावर हसू आलं नाही.

१६ फेब्रुवारी
पट्ट्या आणि आवाजाचं सर्किट जोडलं. शांतता. मल्टिमीटर लावून सगळं तपासलं. वीज पोचते, आवाज येत नाही.
ऑफिसात लंच टाइममध्ये इंटरनेटवर शोधलं. छंदवाल्यांच्या एका फोरमवर हुबेहूब हीच अडचण सापडली! तेच सर्किट, तीच शांतता. जगात आपल्यासारखा आणखी कोणी आहे याचा केवढा आनंद झाला. खाली त्याच माणसाने लिहिलं होतं, ‘दोष सापडला! फारच सोपा होता. उद्या सविस्तर लिहितो.’ त्यापुढे काही नाही. तारीख चौदा वर्षांपूर्वीची. नाव पाहिलं. मीच.
दुपारी तीन अर्ज ‘अपूर्ण’ असा शिक्का मारून परत पाठवले. नोकरीच ती आहे. आज शिक्का जरा हळू मारला.

१९ फेब्रुवारी, संध्याकाळी ६.४०
आवाज आला!!
सोल्डरिंगचा एक सांधा सुटला होता. खरंच फारच सोपा दोष. सगळ्या पट्ट्यांमधून एकच सूर येतो, ही पुढची बाब. पण सूर आहे!
बायको स्वयंपाकघरातून ओरडली, मिक्सरचं काय झालं बघा जरा.
ताईला फोन करून ऐकवला. ती म्हणाली, छान आहे, भरदार आहे. ताई मला लहानपणापासून अशीच खोटं बोलून सांभाळत आली आहे.

२२ फेब्रुवारी
अडॅप्टर उलटा जोडला. धूर. चूक माझी नाही. प्लस आणि मायनस ही चिन्हं इतकी बारीक छापतात की चाळिशी लावलेल्या माणसाला ती एकसारखीच दिसणार.
नॉब शाबूत आहेत.

२६ फेब्रुवारी
भावोजींचा फोन. एरवी मला ‘शास्त्रज्ञ’ म्हणतात. आज नावाने हाक मारली. म्हणाले, फिजिओ बाई नाराज आहेत, बोटांत काही फरक नाही. मी दोनदा दुकानात निघालो होतो. ही जाऊ देत नाही. म्हणते, त्यानं एवढं मनावर घेतलंय, नवीन आणलं तर त्याला काय वाटेल?
मी म्हटलं, दोन दिवस. ते म्हणाले, बरं. त्यांनी रागवायला हवं होतं.

१ मार्च
ठरलं. तयार कीबोर्ड विकत घ्यायचा.
दुकानात गेलो. सेल्समनला आवाज कसा निर्माण होतो ते समजावून सांगितलं. त्याला माहीत नव्हतं. घेऊन घरी आलो. तसाच ताईकडे जाणार होतो. पण मग वाटलं, कंपनीचं नाव दिसणार. एकोणीस वर्षं काय केलं, असं सगळे विचारणार. सागवानी पेटीत बसवला तर कोणाला कळणार नाही. ही फसवणूक नव्हे, शेवटी पेटी माझीच आहे.
कीबोर्ड पेटीपेक्षा दोन बोटं लांब निघाला. कडेचं प्लॅस्टिक काढलं तर बसेल असं वाटलं. ते काढायला झाकण उघडलं. झाकण उघडताना आतली चपटी केबल तुटली.
घरात आता ताईचे दोन बंद कीबोर्ड आहेत.
बायको आली. बघितलं. माझ्याशेजारी बसली. म्हणाली, खरं सांगून या त्यांना. मी म्हटलं, केबल मिळते, उद्या बदलतो. ती उठून गेली.

२ मार्च
केबल बदलायला बसलो होतो. सोल्डरिंग आयर्न हातात, हात थरथरत होता. पन्नाशीत हात थोडा थरथरतोच. मग ताईचा हात आठवला.
आयर्न बंद केला. पहिल्या प्रोजेक्टमधून जुन्या पट्ट्यांची चौकट सोडवली. माझं सर्किट, माझ्या वायर, सगळं कापून काढलं. बसवायला एकोणीस वर्षं लागली होती, काढायला अर्धा तास. पट्ट्या ओल्या फडक्याने पुसल्या. एकही वाकडी नव्हती. अडकणारी होती तिला तेलाचा एक थेंब लावला, ती सुटली.
एक थेंब.

३ मार्च
ताईकडे गेलो. सगळं सांगितलं. धूर, दुकान, केबल, पॉलिश. सांगताना सोफ्याच्या कव्हरचे धागे ओढत होतो, ते तिने माझ्या हातातून सोडवले. डाव्या हाताने.
मग चौकट तिच्या मांडीवर ठेवली. म्हटलं, आवाज येणार नाही.
तिने उजवा हात ठेवला. अंगठा दाबला गेला, त्याच्या शेजारचं बोटही. मधलं दाबलं, पण पट्टी खालपर्यंत गेली नाही. ती पुन्हा पुन्हा दाबत राहिली. खोलीत नुसती पट्ट्यांची टकटक. मी खिडकीबाहेर बघत होतो. बघण्यासारखं काही नव्हतं.
फिजिओ बाई आल्या. त्यांनी पट्ट्या दाबून बघितल्या आणि खूश झाल्या. म्हणाल्या, स्प्रिंग छान कडक आहेत, बोटांना हाच जोर हवा. हे महिन्यापूर्वी का नाही मिळालं?
मी तोंड उघडलं. ताई आधी बोलली. म्हणाली, माझंच आहे, भावाकडे ठेवायला दिलं होतं.
बाई म्हणाल्या, सरावाला हे ठेवा, पण ऐकू येणारं एक घ्याच, हुरूप येतो. भावोजी म्हणाले, उद्या सकाळीच जाऊन आणतो.
मी म्हटलं, मी येतो बरोबर, मला त्यातलं कळतं.
सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.