स्पीकरखालच्या शाईच्या खुणा

मात्सुमोतो, ९ डिसेंबर १९७४

प्रिय हिसाओ भाऊजी यांस,
चिझुरुचा स. न. वि. वि.

तुमच्या दादांना इस्पितळातून सत्तावीस तारखेला घरी सोडणार आहेत. डावा हात अजून साथ देत नाही, पण बोलणं पुष्कळ सुधारलंय. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं, की पुन्हा झटका यायला नको असेल तर यांच्या मनाला त्रास होईल असं काही घडता कामा नये. आणि मी नेमकं तेच करून बसले आहे.

नव्या वर्षाला घर ताजं दिसावं म्हणून यांच्या गाणी ऐकण्याच्या खोलीतल्या आठही तातामींवरची, म्हणजे जमिनीवरच्या गवती गाद्यांवरची, चटई बदलून घेतली. कारागीर जुन्या चटया घेऊन गेला, आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दोन्ही स्पीकर कुठे ठेवायचे, त्याच्या यांनी काढलेल्या शाईच्या खुणा त्या चटयांवरच होत्या! तेरा वर्षं बोट बोट सरकवून ठरवलेली जागा. धावत गेले, तर त्याने त्या जाळून टाकल्या होत्या.

इस्पितळात हे दुसरं काही बोलत नाहीत. घरी गेल्यावर पहिली तबकडी कोणती लावायची, एवढंच. काही मापं आठवत असतील तर ताबडतोब कळवा, आणि यांना चुकूनही कळू देऊ नका. या वेंधळ्या वहिनीवरची माया आटू देऊ नये, ही विनंती.

तुमची
चिझुरु


हाकोदाते, १३ डिसेंबर

सौ. वहिनी यांस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसलो, मग दादाचा चेहरा आठवला. चहाचा पेला ठेवताना माझा धक्का लागून एक स्पीकर अर्धं बोट हलला, तेव्हा दादाने मला त्या खोलीतून हाकललं होतं. मापं कुठली आठवणार!

रीत तेवढी सांगतो. दोन स्पीकरांमध्ये जितकं अंतर, साधारण तितकंच दोघांपासून ऐकणाऱ्यापर्यंत ठेवा. मागच्या भिंतीला चिकटवू नका, आवाज घुमतो. तोंडं किंचित आत वळवा. स्पीकरमधला बारीक आवाजाचा छोटा पडदा बसलेल्याच्या कानाच्या उंचीला हवा, त्यासाठी स्पीकरखालच्या फळ्या कमीजास्त करा. मग एखाद्या गाणाऱ्या बाईची तबकडी लावा. ती बरोबर मधोमध, जिथे काहीच नाही तिथून गायला लागली, की हात काढून घ्या.

दादाला कळेल का? खोटा धीर कशाला देऊ, त्याचे कान मांजराचे आहेत. मी स्वतः आलो असतो, पण मध्ये समुद्र, आणि या हवेत बोटींचा भरवसा नाही. रोज एक ओळ तरी लिहा, म्हणजे आपली आठवण आहे असं समजेन.

आपला
हिसाओ


मात्सुमोतो, २० डिसेंबर

प्रिय भाऊजी यांस,
स. न. वि. वि.

शेजारच्या माकिनोबाई आणि मी मिळून चार दिवस स्पीकरची खोकी ढकलतोय. कंबर मोडली. आधी सगळंच घुमत होतं, मग तबकडीतली गाणारी बाई उजव्या खोक्यात जाऊन बसली. शेवटी दोन फळ्या काढल्या आणि काल ती मधोमध आली.

लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण यांच्या आसनाच्या जागी मी पहिल्यांदाच बसले. इतकी वर्षं वाटायचं, हे डोळे मिटून डुलक्या काढतात. भाऊजी, ती खरंच समोर येऊन उभी राहिली हो! मी दचकून बाहीशी चाळा करत बसले आणि स्वयंपाकघरात मुळा करपला.

पण हीच यांची जागा कशावरून? पुसायला गेले तरी वाटतं, जरा डावीकडे सरकवावं. सात दिवस उरलेत. माझ्या वतीने देवळात हात जोडा, एवढी आपुलकी ठेवा.

तुमची
चिझुरु


मात्सुमोतो, ४ जानेवारी १९७५

चि. हिसाओ यास,
अ. उ. आ.

उजवा हात शाबूत आहे, म्हणून लिहितोय. खोलीत पाय टाकताच नव्या चटईचा वास आला आणि काय झालं असणार ते समजलो. चिझुरु दारात उभी राहून माझ्या तोंडाकडे बघत होती. तबकडी लावली, तर गाणारी बाई जमिनीत बसून गातेय! राग असा आला की कान तापले.

मग पाठ वाकवली, वीतभर पुढे सरकलो, आणि बाई उठून समोर आली. माझ्या जागेपेक्षा बरं की वाईट, ते सांगणार नाही. कानाच्या उंचीचं तूच शिकवलं असणार. वीतभर पुढे आणि चार बोटं खाली, या घरात तिथे कोणाचे कान येतात ते मला मोजावं लागलं नाही.

स्पीकर आता हलवणार नाही. पण मी ऐकायला बसलो, की ती दारातच उभी राहते, मला त्रास तर होत नाही ना ते बघत. तिला त्या जागी बसवायचं आहे. एकोणीस वर्षांत मी तिला या खोलीत ये म्हटलेलं नाही, आता म्हणायला जातो तर शब्द फुटत नाही. झटक्यामुळे नव्हे. तुझं बायकोशी बोलणं असतं. या तिरसट भावावर लोभ असू दे, आणि कसं सांगतात ते लवकर कळव.

तुझा
कोझोदादा