दुपारी चारला बंद पडणारा कॅमेरा

आई,

गाडी खाली आलीये. तुझा डोळा लागलाय, म्हणून उठवत नाही.

तुझ्या काळजीने घरात लावलेल्या कॅमेऱ्यातलं आता मला माझ्या घरून दिसेल. राउटरमध्ये त्याला पक्का पत्ता, म्हणजे वायफायवरचा ठरलेला नंबर, दिलाय आणि बाहेरून तिथवर यायची वाट, म्हणजे पोर्ट, उघडून ठेवलाय. इस्त्री लावायला राउटरची पिन काढू नकोस, हात जोडते.

घोळ मीच घातला होता. राउटरच्या यादीत बाबांच्या फोनचा पत्ता होता, त्यांनीच पक्का केलेला. ते जाऊन आठ महिने झाले, आता तो कुणाला लागतोय, म्हणून मी तोच कॅमेऱ्याला दिला. तर रोज दुपारी चारला कॅमेरा बंद! एका पत्त्यावर दोन यंत्रं आली की असं होतं. म्हणजे बाबांचा फोन घरात चालू होत होता.

काल चारला त्यांच्या खोलीच्या दाराशी उभी राहिले. आतून बाबांचा आवाज आला, "अगं, दुकानात उभा आहे, बल्ब कुठला आणू?" जुना मेसेज आहे, हे कळलं मला. पण तू म्हणालीस, "कुठलाही आणा, पण लवकर या."

फोन हरवला असं मला का सांगितलंस गं?

असो. कॅमेऱ्याला दुसरा पत्ता दिलाय, बाबांचा त्यांना परत केलाय. कॅमेऱ्याचं तोंड जिन्याकडे फिरवलंय, त्यांच्या खोलीचं दार आता त्यात येत नाही.

तुझ्या उशीखालच्या चार्जरची वायर तुटायला आलीये. माझा चार्जर ठेवून जातेय. त्या फोनला तो लागतो.