पाण्यात टाकलेली हळद

चिखली,
दि. २० ऑगस्ट २०२५

तीर्थरूप अक्का,

तुझ्या धाकट्या भावाचा, ज्योतीरामचा, पायावर डोकं ठेवून नमस्कार.

तुझी राखी वेळेवर पोचली, आणि पोचल्याचं मी आज कळवतोय. उशिराबद्दल रागावू नकोस. रोज कागद घेऊन बसायचो आणि तसाच उठायचो. फोन करावा तर तो तुझ्या गणराजच्या हातात. तो "आई बरी हाय मामा, तिला ऐकू येत न्हाई" म्हणतो आणि ठेवून देतो. म्हणून हे पत्र सयाजीजवळ देतोय. दर उन्हाळ्यात तुझ्याकडून हळद आणतो तोच, महाळुंग्याच्या कंपनीतला. महालक्ष्म्यांना गावी येतोय. पोरगं चांगलं आहे पण विसराळू, पत्र हेल्मेटमध्ये ठेवून विसरेल अशी मला धास्ती. म्हणून तुझ्याच हळदीच्या पिशवीत घालून दिलंय. नजर चालत असेल तर तूच वाच, नाहीतर सयाजीकडून वाचून घे. गणराजला देऊ नकोस.

इकडे सगळं ठीक. निरंजनच्या शिफ्टा चालू आहेत. सूनबाई दिव्याही बरी आहे. मी भोसरीचं काम सोडल्यापासून घरीच, आणि घरात बसलेल्या माणसाला काळजी करायला दिवस पुरत नाही. गॅसचं बटण बंद आहे का ते मी सारखा बघून येतो. दिव्या म्हणते, "बाबा, तुम्ही बघून बघून ते बटण झिजवणार."

राखीच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, आमच्या सोसायटीच्या फाटकापाशी एक गाडी उभी राहिली. वर मोठा फलक, 'तुमच्या ताटात काय आहे?' काय खावं, काय खाऊ नये, भेसळ कशी ओळखावी, हे सांगत त्या गाड्या वस्तीवस्तीतून फिरतात. अंजली नावाची एक मुलगी होती, डोक्याला टोपी, हातात मोजे. आधी तिनं समोरच्या गाड्यावरचा वडापाव मागवला आणि ज्या वर्तमानपत्रात तो बांधला होता, त्याची शाई वड्याला कशी लागली ते सगळ्यांना दाखवलं. गाडेवाला म्हणाला, "ताई, आमची माणसं बातम्या वाचत खातात." सगळे हसले. तीही हसली, पण कागदी बश्यांचा एक गठ्ठा त्याच्या हातात ठेवलाच. मग तळलेलं तेल पुन्हा किती वापरायचं, मीठ किती खायचं, पोरांच्या डब्यात काय द्यायचं. बोलणं साधं होतं. मला आवडलं.

मग ती म्हणाली, घरातलं काही तपासायचं असेल तर घेऊन या. कोणी दूध आणलं, कोणी तिखट. मी आपली हळद नेली. ती चांगली निघाली.

दिव्याला दुसऱ्या दिवशी जरा ताप होता, आता उतरलाय. पाऊस अधूनमधून आहे. तिकडे सोयाबीन कसं आहे?

अक्का, वर हळदीचं लिहिलं ते खोटं आहे. खोडत नाही, खोडलं की तू खोडलेलंच आधी वाचशील.

मी हळद नेली ती मिरवायला. शेजारचे सोपानराव म्हणाले, "ज्योतीरामांची हळद बघा म्हणावं पोरीला, बहिणीच्या शेतातली आहे." मी कौतुकानं डबा पुढे केला, तुझी राखी मनगटावर होतीच. अंजलीनं काचेच्या ग्लासात पाणी घेतलं आणि चिमूटभर हळद वर सोडली. म्हणाली, चांगली हळद हळूहळू तळाशी बसते, पाणी फिकट पिवळं राहतं. आपली तळाशी जायच्या आधीच पाणी गर्द पिवळं झालं, रंगाची पुडी सोडल्यासारखं.

ती हळूच म्हणाली, "आजोबा, ही कुठल्या दुकानातली?"

"दुकानातली नाही. माझ्या बहिणीनं शिजवलेली, वाळवलेली आहे."

सोपानराव म्हणाले, "काय राव, बहिणीनं हळद पाठवली का रंगपंचमी?"

मी त्यांना नको ते बोललो. त्या मुलीलाही बोललो, की तुमच्या पाण्यातच खोट आहे. ती रागावली नाही. म्हणाली, "पक्कं प्रयोगशाळेतच कळेल आजोबा. पण तोवर ही कोणी खाऊ नका. ज्यांनी पाठवली त्यांनाही सांगा."

ते शेवटचं वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही.

घरी येऊन मी दुसरा ग्लास घासून घेतला, माठातलं पाणी घेतलं. तेच झालं. मग माळ्यावरचा माझ्या सुभद्रेचा जुना पितळी डबा काढला. त्याच्या तळाशी, ती होती तेव्हाची, तुझी थोडी हळद चिकटून राहिली होती. ती पाण्यात टाकली. अक्का, ती मातीसारखी खाली बसली आणि वर पाणी स्वच्छ. डबा उघडल्याबरोबरच खोलीभर वास सुटला होता. त्या वासानं मला तुमचं परस दिसलं, हळद शिजवायची कढई दिसली, आणि दाजी काठीनं जाळ सारखा करताना दिसले.

दिव्या मागे उभी होती. म्हणाली, "बाबा, आत्यांची हळद गेली दोन वर्षं मी भाजीत घालत नाही. रंग येतो, वास येत नाही. देवापुढं ठेवते. आत्यांचं मन मोडेल म्हणून बोलले नाही." मी तिच्यावर चिडलो. सुभद्रा असती तर तिनं बोटावर घेताच ओळखलं असतं. मला मात्र पिशवीवरचा तुझा टाका दिसला की पुरे होतं.

दाजी गेल्यालाही आता दोन वर्षं होऊन गेली.

तू मला पहिल्यांदा हळद दिलीस, तेव्हा मी भोसरीत भाड्याची खोली नुकती केली होती. तू म्हणाली होतीस, "जोत्या, हळद भावाला इकत आणून द्यायची नसती. आपल्या घरातून त्येच्या घरात गेली पायजे." तीच तू बाजारातून हळद आणून आपल्या जुन्या लुगड्याच्या पिशवीत भरतेस, तोंड शिवतेस, आणि मला कळू देत नाहीस. रंगाची आहे हे तुलाही माहीत नसणार. विकणाऱ्यानं तुला फसवलं. तुझा त्यात दोष नाही, हे मी आधी लिहायला हवं होतं.

परवा सयाजीला चहाला बोलावलं आणि विचारलं, विहिरीकडच्या तुकड्यात हळद कशी आहे? तो कपात बघत राहिला. मी म्हटलं, बोल. म्हणाला, "तात्या, तिथं आता सोयाबीन असतंय. गणराजदादा बघतो समदं. आज्जी मागल्या खोलीत असती." मग कप खाली ठेवत म्हणाला, "चूल येगळी हाय तिची."

अक्का, हे मला तू का सांगितलं नाहीस ते मी विचारत नाही. मीसुद्धा निरंजनशी भांडण झालं की तुला सगळं ठीकच कळवतो. पण त्या फलकावरचं वाक्य मला दिवसभर दिसतं. तुझ्या ताटात काय असतं? एकटीसाठी तू भाजी करतेस का, का भाकरी नि मिठावर भागवतेस? दूध मिळतं का? औषध कोण आणून देतं? आणि मुख्य म्हणजे, ती हळद तू स्वतःच्या कालवणात घालत असशील तर आजपासून घालू नकोस. बाकी काही लिहिलं नसतं तरी चाललं असतं. तू तीच खात असशील या भीतीनं मला लिहावं लागलं. उरलेली फेकून दे. देवालाही ठेवू नकोस.

गणराजला काही बोलू नकोस, उगाच तुझ्यावर डाफरेल. मी त्याला फोनवरही विचारणार नाही.

दिव्यानं आतली लहान खोली झाडून ठेवली आहे. मी सांगितलं नव्हतं. म्हणाली, "आत्यांना घेऊन या, जिना चढवत नसेल तर लिफ्ट आहे." बाल्कनीत दोन कुंड्या रिकाम्या आहेत. घरामागे कुठे एखादा हळदीचा कोंब आपोआप उगवला असेल तर मातीसकट उपटून आण. एवढ्याशा जागेत येईल का, ते तुलाच ठाऊक.

पिशवी धुऊन, तोंड उघडंच ठेवून पाठवली आहे. पुन्हा काही भरून शिवू नकोस. तुझं एक लुगडं त्यात मावतं, मी माझं धोतर घालून बघितलं. महालक्ष्म्यांचं जेवण झालं की सयाजी निघेल, त्याच्याबरोबर ये. यायचं नसेल तर नको येऊस, पण सयाजीजवळ दोन ओळी स्वतःच्या हातानं लिहून दे, काय खातेस ते लिही. "बरी आहे" एवढंच लिहिलंस तर मी ते धरणार नाही. तो परत येईपर्यंत मी रोज फाटकाशी जाऊन बघणार. लवकर कळव, अक्का.

तुझी राखी अजून हातात आहे,
जोत्या