तिकडचा ताणा

वारासिवनी,
मंगळवार

प्रिय मंजू,

पत्र बघून आधी घाबरली असशील, की कोण गेलं. कुणी गेलेलं नाही. सगळे जिथल्या तिथे आहेत, फक्त थोडे वाळलेत. फोनवर तू दोनदा 'हौ, हौ' म्हणतेस आणि सुनेच्या हातात फोन देतेस. मग मी तिच्याशी काय बोलणार? तिच्या हिंदीची आणि माझ्या हिंदीची ओळखच नाही. म्हणून कागद घेतला. तुमसरच्या शाळेत तुझ्या शेजारी बसून सातवीपर्यंत जे शिकले, ते कधीतरी कामी यायला हवं. आमच्या कुशलला मराठी वाचायचा कंटाळा, त्यामुळे हा कागद घरात उघडा पडला तरी मला भीती नाही.

चंपाकाकूच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, तरी रोज रेशमाचे कोसे उकळून बसते. सहा कोशांचे तंतू एकत्र ओढायचे, तर ती चारच ओढते आणि सहा म्हणते. आम्रपाली अंगणवाडीतून सुटली की येते. आणि तिसरी मी. धागा काढणाऱ्यांची यादी इथे संपली. सोसायटीच्या शेडमध्ये आपण सव्वीस जणी लुगडं मांडीवर सारून बसायचो, कुणी पुरुष दारातून डोकावला की तू ओरडायचीस आणि बाकीच्या खोकायच्या. धागा मांडीवर वळून वळून पडलेला तुझा घट्टा सगळ्यांत मोठा होता, आणि तू तो माहेरच्या दागिन्यासारखा मिरवायचीस. माझा आता मऊ पडलाय. परवा अंघोळ करताना त्यावर हात गेला आणि मला चक्क रडू आलं. कातडी मऊ झाली म्हणून रडणारी बाई तू तरी कुठे पाहिलीस का?

हे अजून सोसायटीचे अध्यक्ष आहेत. चाळीस मागांचे अध्यक्ष होते, आता अकरांचे आहेत, पण टोपी तीच. अकरा माग चालतात, त्यांतला एक कुशलचा. ते बंद पडले तर सुरतेला जाईन असं तो सरळ सांगतो, आणि नथ्थूच्या पोरासारखा गेला की दिवाळीला तरी येईल का, हे मला माहीत नाही. रात्रंदिवस माझ्या डोक्यात एवढंच असतं, की हे अकरा राहावेत.

चीनच्या सीमेवर आपले जवान मारले गेले त्या वर्षीची दिवाळीनंतरची सभा तू विसरली नसशील. तोवर आपल्याकडे ताणा चीनचा असायचा आणि बाणा आपला. उभा धागा यंत्रावरचा, गुळगुळीत, व्यापाऱ्याकडून यायचा. आडवा आपल्या हातचा. कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. त्या वर्षी मात्र भाव एकाएकी चढला आणि मग महिनाभर धागा आलाच नाही. व्यापारी म्हणाला, ते सगळं तिकडे ठरतं, त्याच्या हातात काही नाही. चाळीस माग महिनाभर गप्प होते. तेव्हा हे उभे राहिले, मास्क हनुवटीवर ओढला आणि म्हणाले, "तिकडे कोनी एक जन नळ बंद करते अन् इथं आपली चूल इझते. मंग आपन आपल्या देशात राह्यतो का त्याच्या?" मला माझ्या नवऱ्याचा त्या दिवशी जेवढा अभिमान वाटला तेवढा लग्नातही वाटला नव्हता. आजही वाटतो, खोटं कशाला बोलू. ते काही चुकीचं बोलले नव्हते.

चुकलो त्याच्या पुढे. ताणा संपत आला की त्याचा हातभर शेवट मागावर ठेवायचा आणि नव्या ताण्याचा एकेक धागा त्याला सांधायचा, हे कोष्ट्याचं लेकरू चालायच्या आधी शिकतं. पण आमच्या अंगात आलं होतं. परक्या धाग्याचं टोकसुद्धा नको, म्हणून चाळीसही माग पार मोकळे केले आणि तो सगळा ढीग चौकात पेटवून शपथ घेतली, की यापुढे ताणाही आपल्याच हातचा. मी पुढे होते, घासलेट मीच ओतलं. धूर डोळ्यांत जात होता आणि बायका टाळ्या वाजवत होत्या.

त्याआधी शेडमध्ये एकटी तू उठली होतीस. तुझे शब्द माझ्या कानात जसेच्या तसे आहेत. "माह्या हातचा धागा मले ठाऊक हाये. तो आडवा चालते, उभा नाही टिकत. निदान ताण्याचा शेवट तरी राहू द्या." आणि त्यावर मी जे म्हणाले ते मी सहा वर्षांत कुणाजवळ उच्चारलं नाही, पण तुझ्याजवळ लपवून काय उपयोग. "हिचा नवरा व्यापाऱ्याच्या गोदामात पोती उचलते, म्हनून हिले चीनचा पुळका," असं मी भर सभेत म्हणाले. बायका हसल्या. महागूभाऊंनी दारात उभं राहून स्वतःबद्दलचं ते ऐकलं. तू खाली बसलीस. दुसऱ्या दिवसापासून तुझ्या शेजारी कुणी बसेना, आणि मीही बसले नाही. तुझ्या रवीने तुम्हा दोघांना नागपूरला नेलं तेव्हा घरी पाहुणे आहेत असा निरोप मी स्टँडवर पाठवला. पाहुणे नव्हते, मंजू. मी मागच्या अंगणात तांदूळ निवडत बसले होते, आणि गाडीचा हॉर्न ऐकू आला तरी उठले नाही.

पुढे सगळं तू म्हणालीस तसंच झालं. शेवट ठेवलेला नव्हता, म्हणून एकेक धागा नव्याने ओवून ताणा बसवण्यातच पंधरवडा गेला. मग तो टिकेना. वीतभर विणलं की तुटायचा. कुशल गाठी मारून मारून रडकुंडीला यायचा. पाच दिवसांची साडी बारा दिवसांवर गेली. तरी आम्ही दोन वर्षं काढली, निव्वळ जिद्दीवर. त्यानंतर तिकडून धागा नाही, अख्खी साडीच यायला लागली, यंत्रावर विणलेली, आपल्याच काठाची, आपल्याच रंगाची. तू ज्या दुकानात फॉल लावतेस तिथे येतच असतील. बोट फिरवताच तुला कळत असेल, आणि तरी तू गुपचूप फॉल लावत असशील. दुसरं करणार तरी काय?

हे दोनदा भोपाळला गेले, एकदा दिल्लीला. बाहेरच्या साडीवर कर लावा, एवढंच मागणं. तिथल्या साहेबांनी नीट ऐकून घेतलं, चहासुद्धा पाजला. म्हणाले, धाग्यावर कर वाढवला तर विणकर ओरडतात, साडीवर वाढवला तर शेजारचा देश दुसरंच काहीतरी अडवून धरतो, खत म्हणा, औषधाचा माल म्हणा, म्हणून सगळ्या देशाचं बघावं लागतं. हे परत आले आणि दोन दिवस धड जेवले नाहीत. साहेबाने हाकलून दिलं असतं तर ह्यांना निदान राग तरी काढता आला असता. पण साहेब चांगला, व्यापारी चांगला, आणि तिकडे भाव ठरवणारा जो कोण आहे त्याचं तर तोंडही आपण कधी पाहिलं नाही. भांडायचं कुणाशी, तूच सांग.

एकेक करून एकोणतीस माग उठले. दोन वर्षांपूर्वी ताणा परत आला. या वेळी सभा झाली नाही. एका सकाळी सोसायटीचा माल ने-आण करणाऱ्या भोजराजने दोन गठ्ठे शेडमध्ये आणून टाकले आणि कुणी काही विचारलं नाही. गठ्ठ्याला त्यांच्या अक्षरांचा कागद असतो, तो फाडून चुलीत घालायचं काम माझ्याकडे आहे. चौकात घासलेट ओतणारी मीच, आणि आता गुपचूप कागद जाळणारीही मीच. कुशल मात्र खूश आहे. धागा तुटत नाही म्हणतो.

आता जे सांगायचं आहे ते सांगते, आणि तेवढ्यासाठीच हे पत्र आहे, हे वाचून तुला वाईट वाटेल तेही मला कळतं. अकरा माग एका शिक्क्यावर चालतात. शपथेच्या वर्षी मिळालेला शिक्का, ताणा आणि बाणा दोन्ही गावच्या हातचा, असा. तो आहे म्हणून प्रदर्शनात जागा मिळते, नाहीतर आपली साडी कोण विचारतो. दर तीन वर्षांनी तो नवा करावा लागतो आणि त्याला धागा काढणाऱ्या वीस बायकांच्या सह्या लागतात. आम्ही तिघी. परवा ह्यांनी कोरी यादी माझ्यापुढे ठेवली आणि पान खाऊन येतो म्हणाले. हे जन्मात कधी पान खात नाहीत. तासाभराने आले तेव्हा सतरा सह्या झाल्या होत्या. ज्या दोघी वारल्या त्यांची नावं मी घातली नाहीत, एवढीच काय ती लाज राखली. तुझी सही चौथी आहे. शाळेपासून पाहिलेली, हाताला लगेच आली. येत्या सोमवारी तपासणीवाली बाई यादीतल्या काही जणींना फोन करणार आहे, आणि तुझा नंबर मी दिलाय, कारण बाकीच्या घाबरतील आणि तुझं बोलणं कुणालाही खरं वाटतं. ती विचारेल, अजून धागा काढता का, ताणा तुमच्याच हातचा का. तू फक्त हौ म्हण. त्या सभेत खरं बोलली ती तू एकटी, तेव्हा मी तुला सगळ्यांसमोर गप्प बसवलं, आणि आज मीच तुला खोटं बोल म्हणते आहे. तू नाही म्हणालीस तर तुला बोल लावायला मला तोंड नाही, आणि मी लावणारही नाही. भोजराज उद्या पहिल्या गाडीने नागपूरला येतोय, त्याच्या हाती हे पत्र देते. त्या बाईचा फोन सोमवारी सकाळी अकरानंतर येईल. तेवढा सुनेच्या हातात देऊ नकोस.

तुझीच, तू अजून म्हणू देत असलीस तर,
दुर्गा