माळावरचा लांडग्याचा वाटा

मी, भिमाजी म्हस्कू कोळपे, वय वर्षे एकाहत्तर, धंदा पूर्वी मेंढपाळ व आता शेती, राहणार वरवंड, तालुका दौंड, जिल्हा पुणे, माझ्यामागे काय कोणाचे हे सांगून लिहून घेत आहे. डोके ठिकाणावर आहे. दारू पीत नाही. कोणाचा धाक नाही. धाक दाखवायला तरी कोणी दारात यावे लागते. डॉक्टरांनी छातीचा फोटो बघून फार लांबचे बेत करू नका म्हटले, म्हणून हा उद्योग. अक्षर खंडू सोनवणे गुरुजींचे आहे. ते गावच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यांनीच करावी.

कलम १. मला दोन वारस. मुलगा सुरज, कुरकुंभला कंपनीत आहे. मुलगी हर्षदा, राहू गावी दिली आहे. पत्नी म्हाळसा १९९७ साली वारली. तिचे कलम पाचमध्ये येईल.

कलम २. राहते घर सुरजला. मागची खोली हर्षदाच्या माहेरपणासाठी मोकळी ठेवावी, तिथे खताच्या गोणी रचू नयेत. सुरजला ती खोड आहे. विहिरीखालची दोन एकर दोघांना निम्मी निम्मी. पोस्टातले जे असेल ते हर्षदाला.

कलम ३. एकोणीस मेंढ्या, लोकर कातरायची कातर आणि वाघूर, म्हणजे मेंढरे कोंडायची जाळी, हे धाकटा भाऊ बन्सी याला. त्याच्याशी मी बारा वर्षे बोललेलो नाही. चूक त्याची नव्हती. बोलणे मी तोडले, का ते पुढे कळेल.

कलम ४. शेजारचा पोल्ट्रीवाला मच्छिंद्र याला माझे नवे फावडे. मेलेल्या कोंबड्या माझ्या बांधावर टाकायच्या नसतात, खड्डा करून पुरायच्या असतात, हे त्याला वीस वेळा तोंडाने सांगून झाले. आता हत्यारच देतो.

कलम ५. गट नंबर ३१२, माळ, एकर अकरा. सातबाऱ्यावर पडीक लावला आहे. तलाठ्याने कधी तिथे पाय ठेवला नाही, त्याला काय ठाऊक. पावसाळ्यात तिथे पवन्या येतो, मारवेल येते, कुसळी येते. ते गवत मेंढरू खाते, ससा खातो, नाकतोडा खातो. लेंडी शेणकिडा जमिनीत ओढतो, वाळलेली काडी वाळवी नेते आणि पुढच्या सालचे गवत त्यावरच उठते. नाकतोड्यावर तित्तर जगतो, सशावर खोकड, मेंढरावर लांडगा. मेलेले ढोर टाकले की वास सुटायच्या आत गिधाडे हाडे मोकळी करायची. हे मी लहानपणापासून बघत होतो. गुरुजींनी त्याला नाव सांगितले, अन्नसाखळी. वर म्हणाले, पुस्तकात ती सरळ काढतात, खरी ती तुमच्या वाघुरीसारखी असते, एक गाठ सुटली की शेजारच्या चार सैल पडतात.

माझ्या बापाच्या वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या तळावर, रीत होती. हंगामातले पहिले कोकरू लांडग्याने नेले तर शिवी द्यायची नाही. तो त्याचा वाटा. दगड मारावा, कुत्रे सोडावे, पण त्याच्या जिवावर उठायचे नाही.

१९९४ साली मी उठलो. तोवर आजूबाजूला बोअर झाले होते, ऊस झाला होता, ससे-हरणे कमी झाली होती. लांडग्याला खायला माझ्या मेंढ्याच उरल्या, हे तेव्हा डोक्यात आले नाही. आठवड्यात तीन कोकरे गेली आणि माझे डोके फिरले. मेलेल्या मेंढीच्या पोटात उसाला टाकायचे दाणेदार औषध भरले आणि ती ओघळीत ठेवली. दुसऱ्या दिवशी लांडग्याची मादी मरून पडली होती, आचळे भरलेली. सात गिधाडे. आणि माझा राखणीचा कुत्रा. कुत्रा म्हाळसाने पुरला. मला एक शब्द बोलली नाही. बन्सीने मात्र तोंडावर विचारले, औषध तूच घातलेस ना. मी नाही म्हणालो आणि त्याच्याशी बोलणे बंद केले.

दोन वर्षे कोकरे सुखरूप राहिली. मी खूश होतो, खोटे कशाला सांगू. पण मेलेली ढोरे आता आठ-आठ दिवस कुजत पडू लागली. गिधाडे तर पुढे कुठेच दिसेनाशी झाली. त्यात मच्छिंद्रच्या कोंबड्या. लांडगा होता तोवर गावची कुत्री माळावर फिरकत नव्हती. आता ती आली आणि लांडग्याच्याच बिळात व्याली. वीस झाली, तीस झाली. १९९७ च्या उन्हाळ्यात त्यातले एक पिसाळले.

म्हाळसा गवताला गेली होती. पोटरीला दात लागला. तिने चुना लावला, लुगडे खाली ओढले आणि बाभळीचा काटा लागला म्हणून सांगितले. मी बघितले नाही. इंजेक्शने घेतली असती तर ती आज असती. बेचाळिसाव्या दिवशी तिला तांब्यातले पाणी बघवेना. पुढचे लिहीत नाही.

मला रडू आले नाही. अजून आलेले नाही. लोक म्हणाले भिमाजी घट्ट आहे. घट्ट कसला, अंगाखाली दबलेला हात बधिर होतो तसा आहे, चिमटा काढला तरी कळत नाही.

सुरज तेव्हापासून म्हणतो, ज्या माळाने आई नेली तो ठेवायचा नाही, सपाट करून ऊस लावायचा. नऊ वर्षे मी त्याला तसे म्हणू दिले, कारण माळाच्या नावावर माझे भागत होते. सुरज, माळाने तुझी आई नेली नाही. माळाची घडी मी मोडली. त्यात ती गेली.

गेल्या पावसाळ्यात ओघळीत जोडीची पावले दिसली. गुरुजींनी येऊन बघितली, कुत्र्याची नाहीत. ती जोडी तिथे राहावी, गवत राहावे, नांगर लागू नये, एवढे एकच मला अजून हवेसे वाटते. गुरुजी म्हणाले, तशी अट लिहा. मी लिहिणार नाही. माळावर कोणी जगायचे हे मी एकदा ठरवून बसलो आहे. माळ सुरजला, बिनअट.

कलम ६. मृत्युपत्र माणूस मेल्यावर वाचतात. मेल्यावर कबूल करायला काय जाते. म्हणून रविवारी सुरजला समोर बसवून वरचे सगळे गुरुजींकडून वाचून घेतले. मसुदा ज्यांना दाखवला ते वकील म्हणाले, हे लिहायची गरज नाही. तरी लिहितो.

सुरजने शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग म्हणाला, "आईला ठावं हुतं?"

"व्हय," मी म्हणालो.

"मंग चावा का लपवला तिनं?"

हे मी कोणाला सांगितले नव्हते. शेवटच्या दिवशी घटकाभर ती शुद्धीवर आली होती. तेव्हा जे म्हणाली ते त्याला सांगितले. "म्हनली, तुमी मनाला लावून घ्याल म्हनून काटा म्हनले."

सुरज उठला. चपला घातल्या. दारातून म्हणाला, "माळाला नांगर लावनार न्हाई. पन आबा, त्ये तुमच्यासाठी न्हाई."

तो गेला तो अजून आलेला नाही. त्याला बोलवायला कोणी जाऊ नये. अग्नी द्यायला तो न आल्यास बन्सीला विचारावे. बन्सी नाही म्हणाला तर त्याला बोल लावू नये, गुरुजींनी द्यावा.

वाचून दाखवले, ऐकले, बरोबर आहे.

ठिकाण : वरवंड
दिनांक : १४ मार्च २००६, मंगळवार

लिहून देणार : भिमाजी म्हस्कू कोळपे (सही)

साक्षीदार :
१. करुणा खंडू सोनवणे, शिक्षिका, वरवंड (सही)
२. धुरपदा बन्सी कोळपे, भावजय, वरवंड (डाव्या हाताचा अंगठा)

लेखक : खंडू सोनवणे (सही)