झाकणातला खाकी कागद

चिमे,
गाडीतले दोन्ही दिवे बदललेत. आता सामान शोधताना मोबाइल दातात धरायला नको. दार उघडं ठेवू नकोस, बॅटरी उतरेल. किल्ली फ्रिजवर आहे. तू झोपली होतीस, म्हणून उठवलं नाही.

बाबांची गाडी तुझ्याकडे आल्यापासून तू म्हणतेस, चिक्कूपणापायी या माणसाने साधा बल्ब बदलला नाही. मीही मान डोलवायचो. आज मागच्या सीटवरच्या दिव्याचं झाकण काढलं, तर बल्ब ठणठणीत. झाकणाला आतून खाकी कागद चिकटवलेला, तुझ्या पहिलीतल्या वहीचं कव्हर. लेबलवरचं तुझं नाव अजून वाचता येतं. बाबा पहाटे पाव पोचवायला निघायचे, तेव्हा आपल्याला मागच्या सीटवर झोपवायचे. दर दुकानापाशी दार उघडलं की दिवा लागायचा आणि तू दचकून उठायचीस.

कागद टेबलावर ठेवलाय. दुपारी बाबा गाडी बघायला येणार आहेत. तुमच्या अबोल्यात मी पडत नाही. फक्त नवे दिवे बघून ते म्हणाले, "फारच लख्ख झालेत गं", तर चिडू नकोस.

दादा