भिलाला सुरतेस धाडल्यापासून

नंदुरबार, माघ वद्य पंचमी, शके १८५७

तीर्थरूप मामांस छगनचा पायांवर डोके ठेवून नमस्कार. तुमचा खोकला गेला का? मामींचा गुडघा आता जिना चढू देतो का? (गेल्या पत्रात तुम्ही दोन्हींबद्दल चकार शब्द लिहिला नाहीत. मी तिकडे येऊ नये असा तर काही बेत नाही ना?)

तुमच्याच सल्ल्याने मी भिलाला, म्हणजे आमच्या मिरचीच्या गिरणीतल्या माणसाला, इंजिनाचे काम शिकायला सुरतेस तुमच्याकडे धाडले. माणूस शिकवला की गिरणी अडत नाही, असे तुम्ही म्हणालात. पूर्वी इंजिन बिघडले की भुसावळचा मिस्त्री येईपर्यंत मिरची पडून राही, हे मान्य. पण शिकलेला माणूस शेजाऱ्याकडे जातो, हे तुम्ही का नाही सांगितलेत? शेजारच्या प्रेमचंदने नवे इंजिन आणले आहे आणि त्याला ते चालवणारा कोणी नाही. ऐन हंगामात भिला तिकडे गेला तर मी काय जात्यावर बसू?

आणि भिला परतला तो वेगळाच. पूर्वी इंजिनाला शिव्या द्यायचा, आता त्याला कान लावून ऐकतो आणि हसतो. (माझे ऐकताना कधी हसला नाही.) दुपारी गडीमाणसे जेवायला गेली की दार आतून लावून घेतो. आत इंजिन सुरू होते, बंद पडते, पुन्हा सुरू होते. नेमका त्याच वेळी प्रेमचंदचा छकडा आमच्या गल्लीतून जातो. (त्याचे घर याच गल्लीत आहे, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच तर त्याला सोयीचे.)

तेव्हा परवा मी आधीच आत शिरून मिरचीच्या पोत्यांमागे दडलो. आमच्या बायका दिवसभर मिरचीचे देठ खुडतात, पण कुणी शिंकत नाही. मिरचीत वाढलेल्या माणसाला ती बाधतच नाही. मी मात्र जन्म पेढीच्या गादीवर काढला, हे तेव्हा ध्यानात आले नाही. दार लागले. भिलाभोवती फुलवंताबाई आणि देठ खुडणाऱ्या बाकीच्या बायका जमल्या, आणि मामा, इंजिनाचे हँडल कोण फिरवत होते? पदर खोचून तुमची भाचेसून, आमची सरला! मी आ वासला, आत मिरची गेली आणि शिंकांमागून शिंका सुरू झाल्या.

फुलवंताबाई ओरडली, "आपला मानूस मिर्चीमा शिंकत नही! हाऊ भाईरना चोर शे, मारा!"

मालकाने आपल्याच गिरणीत आपल्याच केरसुणीचा मार खाल्ला. मला ओळखल्यावरही सरलाने एक जादा हाणली, असा माझा दाट संशय आहे.

भिलाने मला पाणी दिले आणि म्हणाला, "शेठ, मी तापमा पडनू ते तुमनं इंजिन कोन चालाडी? म्हनीसन यास्ले सिकाडी ऱ्हायनू."

म्हणे, तो आजारी पडला तर अडू नये म्हणून बायकांना शिकवतो आहे! ऐकायला गोड आहे. काल त्याला खरोखरच ताप आला आणि गिरणी क्षणभरही थांबली नाही. (हा ताप मुद्दाम आणलेला वाटतो.) पण पूर्वी प्रेमचंदला पळवायला एकच माणूस होता, आता त्याला निवड करायला मिळेल. मला झोप नाही, मामा. मामींना नमस्कार सांगावा.

आपला,
छगन

ता. क. भिला शिकला तिथे मलाही चार दिवस बसवता आले तर पाहा. मी काल चोरून हँडल फिरवले, तर त्यानेच मला फिरवून भिंतीवर टाकले. गावात मात्र मी डोळे दाखवायला सुरतेस गेलो, असेच सांगेन.

ता. क. मामांना सरलाचा नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे आले म्हणून चार ओळी लिहिते. यांना जरूर बोलवा आणि सावकाश शिकवा, घाई नको. गिरणी आम्ही चालवतो. प्रेमचंदभाईंनी भिलाला बोलावले होते. "ज्यास्नी सिकाडं त्यास्नं इंजिन सोडीसन मी कोठे जाऊ?" ज्यांनी शिकवले त्यांना सोडणार नाही, असे सांगून तो तिथल्या तिथे नकार देऊन आला. हे यांना कळू देऊ नका. संशय घ्यायला दुसरे कोणी उरले नाही, तर हे माझ्याकडे वळतील.